थंडीतली अंघोळ संध्याकाळी

कोल्हापूरची थंडी फसवी. डिसेंबरात पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास, दुपारी मात्र ३०च्या घरात. सकाळी काकडत शाळेला गेलेलं पोरगं दुपारी घामेजून परत येतं.

म्हणून आम्ही लहानग्यांची अंघोळ सकाळवरून संध्याकाळी पाचच्या सुमारास आणली. सकाळी फक्त कोमट पाण्याने हात-पाय-तोंड. सासूबाईंना पारोसं पोर शाळेत जाणं आठवडाभर खटकलं, मग सकाळची रडारड थांबलेली बघून त्याही गप्प झाल्या!

बादलीत आधी गार पाणी, मग बंबातलं कढत. उलटं केलं आणि मध्येच पोरानं हात घातला तर भाजतं. आपल्या कोपराने पाणी बघा; रोजच्या कामाने तळहात निबर झालेले असतात, त्यांना खरा अंदाज येत नाही. अंघोळ पाच-दहा मिनिटांत उरका, कारण जास्त वेळ गरम पाण्यात राहिलं की कातडी उलट जास्त फुटते. अंग टिपून, थोडं ओलसर असतानाच खोबरेल लावा. ते २४ अंशांच्या खाली गोठतं, त्यामुळे बाटली दुपारीच उन्हात ठेवायची.

शाळेला जाताना एका जाड स्वेटरऐवजी सुती बनियन, गणवेश आणि वर पुढून उघडणारा पातळ स्वेटर. ऊन चढलं की पोरांना तो स्वतः काढता येतो. रंकाळ्यावर संध्याकाळी फिरायला नेणार असाल तर कानटोपी विसरू नका, तिथला वारा झोंबतो. स्वेटरवर नाव मात्र घाला. आमचे दोन हरवलेत.