नासवरचा बॅकअप थांबलाय? कुठून शोधायला सुरुवात कराल

नेटवर्कला जोडलेल्या साठवणुकीच्या डब्याला सगळे ‘नास’ म्हणतात. नाव ऐकून मराठी माणसाला दूधच आठवतं, पण डबा कामाचा आहे. घरातल्या सगळ्या लॅपटॉपांवरचे फोटो, कागदपत्रं रात्रीतून त्यात जाऊन बसतात. निदान बसतात असं आपण धरून चालतो. माझ्याकडे तीन महिने एकही फाइल गेली नव्हती आणि पडद्यावर तक्रारीचं अक्षर नव्हतं. तेव्हा शोधता शोधता जो क्रम हाती लागला, तो हा. उदाहरण विंडोज ११ चं घेतलंय, मॅकबद्दल शेवटाकडे सांगतो.

बॅकअपचं सॉफ्टवेअर उडवून पुन्हा टाकायची घाई करू नका. दोष बहुतेक वेळा त्याच्या खाली असतो: रस्त्यात, कुलपात किंवा जागेत. आणि जुना बॅकअप अजिबात पुसू नका, सध्या हाताशी तेवढाच आहे.

१. शेवटचा बॅकअप खरोखर कधीचा?

‘यशस्वी’ या शब्दावर जाऊ नका. नोटपॅडमध्ये दोन ओळींची फाइल करा, बॅकअप हाताने चालवा आणि ती फाइल नासवर दिसते का बघा. सॉफ्टवेअर सगळं एका मोठ्या फाइलमध्ये बांधत असेल, तर त्याच्या रिस्टोअरच्या यादीत शोधा.

२. रस्ता मोकळा आहे का?

राउटरच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी असते, तिथून नासचा आयपी अॅड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा आकडी पत्ता, घ्या. समजा तो १९२.१६८.१.२० आहे. कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पिंग’ आणि पुढे तो आकडा टाका (टाइप अर्थातच इंग्रजीत). उत्तर आलं तर रस्ता आहे.

यादीत नास आहे, पण बॅकअपमध्ये लिहिलेला आकडा वेगळा? मग वीज जाऊन आल्यावर राउटरने त्याला नवा पत्ता दिला असणार. राउटरमध्येच नाससाठी पत्ता राखून ठेवा, म्हणजे हा त्रास पुन्हा होत नाही. पिंगला उत्तरच नसेल, तर लॅपटॉप चुकून पाहुण्यांच्या वायफायवर नाही ना ते बघा. ते जाळं घरातल्या यंत्रांपासून मुद्दाम वेगळं ठेवलेलं असतं. ऑफिसचं व्हीपीएन चालू असेल तर क्षणभर बंद करून पाहा. नास आयपीने उघडतो पण नावाने उघडत नसेल, तर विंडोजमध्ये नेटवर्क ‘पब्लिक’ आहे की ‘प्रायव्हेट’ ते तपासा. घरी ते प्रायव्हेट हवं.

३. कुलूप

इथे सर्वांत जास्त लोक अडकतात.

नासचा पासवर्ड बदलला, पण विंडोजने जुनाच जपून ठेवलाय, ही नेहमीची कथा. कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जा, नासची नोंद काढा आणि नव्याने लॉगिन करा. लक्षात ठेवा, लॅपटॉप उघडायचा चार आकडी पिन इथे चालत नाही. नासवर तयार केलेल्या खात्याचं नाव आणि पासवर्ड लागतो. जुना पासवर्ड वारंवार आदळत राहिला तर काही नास त्या संगणकाचा पत्ताच काळ्या यादीत टाकतात. तेव्हा नासच्या सुरक्षा विभागातली ती यादीही बघा.

१२१९ क्रमांकाची चूक आली, तर एकाच नासला तुम्ही दोन वेगवेगळ्या नावांनी जोडलं गेलात असं समजा. ‘नेट यूज * /डिलीट’ ही आज्ञा सगळे जोड तोडते. त्यानंतर एकाच नावाने जा.

विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आल्यापासून आणखी एक गोष्ट झालीय. प्रो आवृत्तीत बिनपासवर्डचा ‘गेस्ट’ प्रवेश मुळातच बंद आहे आणि नासशी होणाऱ्या देवाणघेवाणीवर डिजिटल सही सक्तीची आहे. काल चालणारं आज अपडेटनंतर बंद पडतं ते यामुळे. उपाय सरळ आहे: नासवर बॅकअपसाठी पासवर्डासह स्वतंत्र खातं करा, नासचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा, एसएमबीची (नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याची पद्धत) किमान आवृत्ती २ आणि कमाल ३ ठेवा. इंटरनेटवर कुणी ‘एसएमबी १ चालू करा’ म्हटलं तर ऐकू नका. मे २०१७ मध्ये फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस जगभर पसरला तो त्याच जुन्या दारातून.

४. जागा आणि नावं

नासवर जागा दिसते, तरी ‘डिस्क भरली’ असा निरोप येतो? त्या खात्याला कोटा, म्हणजे जागेची मर्यादा, लावलेला असू शकतो. फाइली पुसूनही जागा सुटत नसेल, तर नासची स्वतःची कचरापेटी आणि स्नॅपशॉट (फाइलींच्या जुन्या स्थितीच्या राखून ठेवलेल्या प्रती) तपासा. पुसलेला माल तिथे बसलेला असतो. राउटरच्या मागे पेन ड्राइव्ह लावून काम भागवणाऱ्यांनी त्याचा फॉरमॅट बघावा. फॅट३२ असेल तर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकही फाइल त्यात मावत नाही. लग्नाचा व्हिडिओ नेमका तिथेच अडतो.

आता खास आपली अडचण. बहुतेक नासच्या आत लिनक्स असतं आणि तिथे फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीला तीन, आणि काना-मात्रा वेगळे मोजले जातात. ‘सातबारा’ हे सात चिन्हांचे २१ बाइट. म्हणजे मराठी नाव ८५ चिन्हांपुढे गेलं की विंडोजवर सुखाने राहणारी फाइल नासवर जात नाही. काही नासच्या एन्क्रिप्टेड फोल्डरमध्ये मर्यादा १४३ बाइटची आहे, म्हणजे जेमतेम ४७ चिन्हं. दस्ताचं अख्खं शीर्षक फाइलला देण्याची सवय असेल, तर ठरावीकच फाइली का राहतात याचं उत्तर इथे सापडेल.

५. रात्रीचं काम

माझी चूक इथे होती. मी नासला ‘झेड’ ड्राइव्ह असं अक्षर दिलं होतं आणि रोबोकॉपी ही फाइली नकलणारी विंडोजची आज्ञा टास्क शेड्यूलरमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीतून, चालवत होतो. एकदा ‘लॉगिन नसतानाही चालव’ वर खूण केली. पण झेड हे अक्षर माझ्या लॉगिनपुरतंच असतं. मध्यरात्री एकट्याने चालणाऱ्या कामाला ते दिसत नाही. दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होणारा पूर्ण पत्ता दिल्यावर सुरळीत झालं.

रोबोकॉपी वापरत असाल तर ‘/आर:२ /डब्ल्यू:५’ जोडा, म्हणजे ती दोनदाच पुन्हा प्रयत्न करते, मध्ये पाच सेकंद थांबून. न जोडल्यास अडलेल्या एका फाइलसाठी ती दहा लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून प्रयत्न करते. हिशेब केला तर जवळजवळ वर्ष होतं. संगणक रात्री झोपी जात नाही ना, तेही बघाच.

बॅकअप चालतो पण रांगतो? केबल तपासा. गिगाबिट वेगाला केबलच्या आतल्या तारांच्या चारही जोड्या लागतात. एक तुटली की वेग गुपचूप १०० मेगाबिटवर येतो. मग सव्वा तासाचे ५०० जीबी साडेबारा तास घेतात.

६. मॅक असेल तर

मॅकच्या टाइम मशीन या बॅकअपच्या सोयीने ‘नवा बॅकअप तयार करावा लागेल’ म्हटलं, तर लिहिता लिहिता जोड तुटून जुनी स्पार्सबंडल (ज्यात सगळा बॅकअप बांधलेला असतो ती फाइल) बिघडली असण्याची शक्यता मोठी. नासवर तिचं नाव बदलून बाजूला ठेवा, पहिला पूर्ण बॅकअप वायफायऐवजी केबलने घ्या आणि तो होऊन खालची सातवी पायरी पार पडल्यावरच जुनी पुसा. एएफपी या ॲपलच्या जुन्या पद्धतीऐवजी एसएमबी वापरा.

७. परत आणून बघा

सगळं जुळल्यावर नासवरून एक जुना फोटो आणि एक एक्सेल फाइल दुसऱ्याच फोल्डरमध्ये उतरवा. दोन्ही उघडा. उघडल्या, तर बाजूला ठेवलेल्या जुन्या बॅकअपला आता हात लावायला हरकत नाही.