रंगाऱ्याच्या आधी भेगांची तपासणी

पुण्यातील कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडी अशा भागांतील जुन्या सोसायट्यांमध्ये पावसाळा सरला की भेगा बुजवून रंग देण्याचे काम निघते. त्याआधी विजेरी, पट्टी, पेन्सिल आणि लहान हातोडी घेऊन इमारतीभोवती एक फेरी मारावी.

भेग गिलाव्याची आहे की काँक्रीटची, हे थोडा गिलावा काढून ठरवावे. जाळीसारख्या बारीक भेगा बहुधा गिलाव्यापुरत्याच असतात. काँक्रीटमधील भेगेची मात्र दिशा पाहावी. बीमच्या मध्यावर सळईला काटकोनात जाणाऱ्या केसाएवढ्या भेगा आरसीसीमध्ये (सळई घातलेल्या काँक्रीटमध्ये) अपेक्षितच असतात, आणि आयएस ४५६ : २००० हे काँक्रीट बांधकामाचे भारतीय मानक सर्वसाधारणपणे ०.३ मिलिमीटरपर्यंत, तर सतत ओल असलेल्या भागात ०.२ मिलिमीटरपर्यंत रुंदी चालवून घेते. याउलट कॉलमच्या कोपऱ्यावरून उभी किंवा बीमच्या तळाशी लांबीने गेलेली भेग सळईच्याच रेषेत असते. ती बहुतेकदा आत धरलेल्या गंजामुळेच पडलेली असते.

काँक्रीटचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) १२.५ ते १३ च्या आसपास असतो, तोवर सळईवर संरक्षक थर टिकून राहतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड मुरत जाऊन सामू ९ च्या आसपास उतरला की तो थर मोडतो, आणि ओल व प्राणवायू मिळताच सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा व्यापतो, म्हणून बाहेरचे कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, फुटते. सळईची जाडी घटते आणि काँक्रीटशी असलेली तिची पकडही सुटते. मुंबईसारखी खारी हवा पुण्यात नाही. इथे दोष बहुधा बाथरूमच्या गळतीचा आणि गच्चीवर साचणाऱ्या पाण्याचा असतो.

हातोडीने हलके ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर कव्हर सुटलेले आहे असे समजावे. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी; महिन्याभराने ती पुढे सरकली का, ते पाहावे.

बाल्कनी आणि छज्जे मात्र वरून तपासावेत, कारण त्यांतील मुख्य सळ्या वरच्या बाजूस असतात आणि पाणीही तिथेच साचते. भिंतीलगत वरच्या अंगाला भेग दिसली, तर खालून स्लॅब कितीही स्वच्छ दिसत असला तरी तेथील वावर थांबवून कुंड्या उतरवाव्यात. (कुंड्या उतरवण्यावरूनच सभेत सर्वाधिक वाद होतो!) असे भाग फारशी पूर्वसूचना न देता कोसळू शकतात.

गंजाची भेग सिमेंटने लिंपणे म्हणजे ती नजरेआड करणे. आधी गळती बंद करावी, मग सैल काँक्रीट सळईच्या मागपर्यंत काढून, सळई स्वच्छ घासून, गंजरोधक लेप देऊन पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा मसाला) किंवा मायक्रोकाँक्रीट (बारीक खडीचे, सहज वाहणारे काँक्रीट) भरावे. सळई बरीच झिजली असल्यास जोडसळई लागते. कॉलम फोडण्यापूर्वी टेकू लावलेच पाहिजेत, आणि ते कुठे व किती लावायचे, हे ठेकेदाराने नव्हे तर स्ट्रक्चरल इंजिनीअरने ठरवावे.