सायबर तपासाच्या नोकरीची तयारी: किल्ला कोर्टाकडून सुरुवात करा

पोलीस तपासाच्या तंत्रज्ञानाच्या बाजूला काम करायचंय असं म्हणणारी मुलंमुली आता डोंबिवलीपासून विरारपर्यंत सगळीकडे भेटतात. बहुतेकांचे पहिले प्रश्न ठरलेले असतात: कोणता कोर्स करू, कोणतं टूल शिकू, हॅकिंग कुठे शिकवतात? मला वाटतं, ही तयारीची उलटी बाजू झाली. या कामात तुम्ही जे शोधून काढाल ते एक दिवस मुंबईच्या किल्ला कोर्टासारख्या फौजदारी कोर्टात उभं राहणार आहे, आणि ते टिकतं ते त्यामागच्या कागदामुळे. म्हणून ही यादी कोर्टापासून मागे मागे येत लिहिली आहे.

पहिली गोष्ट कायदा, आणि तोही नवा. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. तिन्ही पुस्तकं पाठ करायची गरज नाही. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०५ वाचा: झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करायला हवं, असं ते सांगतं. मग कलम १७६ चं तिसरं पोटकलम वाचा. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा असलेल्या गुन्ह्यात न्यायसहायक (फॉरेन्सिक) तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं, अशी तरतूद तिथे आहे आणि ती लागू करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत दिलेली आहे. येत्या काळात या क्षेत्रात माणसं लागणार आहेत ती मुख्यतः याच पोटकलमामुळे. साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ मात्र खरोखर पाठ करा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं प्रमाणपत्र याच कलमाखाली येतं. त्याचा नमुना अधिनियमाच्या शेवटी जोडलेला आहे. भाग अ उपकरण ज्याच्या ताब्यात होतं त्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने, आणि हॅश व्हॅल्यू (फाइलमधल्या मजकुरावरून निघणारी तिची ओळखखूण, मजकूर जरा बदलला की तीही बदलते) दोन्हीत लिहायची. तो नमुना छापून घ्या आणि स्वतःच्या एखाद्या फाइलसाठी हाताने भरून पाहा. कुठे अडखळता ते लगेच कळेल.

या प्रमाणपत्राचं वजन समजण्यासाठी आपल्याच राज्यातला एक खटला वाचावा. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर स्वीकारला गेला का, हा वाद होता, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणाचा. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या नावाने हा निकाल ओळखला जातो. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२०मध्ये तो देताना असं प्रमाणपत्र बंधनकारक असल्याचं पुन्हा स्पष्ट केलं. गंमत अशी की प्रमाणपत्र वारंवार मागूनही ते मिळालं नव्हतं, आणि पक्षकाराने हाती होतं ते सगळं केलं असेल तर त्याचं नुकसान होऊ नये, हेही न्यायालयाने सांगितलं. निकाल जुन्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५ब वरचा आहे, तरी त्यातला विचार आजही लागतो. निकाल लांब आहे. दोन रविवार द्या.

आता प्रत्यक्ष जप्ती. इथे जरा थांबून वाचा, कारण चांगले चांगले पदवीधर इथेच घसरतात. समजा कुर्ल्याच्या एका खोलीत आरोपीचा मोबाइल सापडला. चालू असेल तर चालूच ठेवायचा, बंद असेल तर बंदच. चालू फोन लगेच फ्लाइट मोडवर टाकायचा, वायफाय आणि ब्लूटूथ वेगळे बंद झालेत का ते पाहायचं, कारण बाहेरून कोणी तो दूरस्थपणे पुसून टाकू शकतो. मग तो फॅरडे बॅगेत, म्हणजे सिग्नल अडवणाऱ्या पिशवीत. बॅगेत गेलेला फोन फ्लाइट मोडवर नसेल तर नेटवर्क शोधत राहतो आणि बॅटरी भराभर उतरते, म्हणून पॉवर बँकेची सोय आधीच हवी. पंचनाम्यात ‘एक काळा मोबाइल’ एवढंच लिहून भागत नाही. मेक, मॉडेल, आयएमईआयचे दोन्ही क्रमांक, सिम किती, मेमरी कार्ड आहे का, काचेला वरच्या उजव्या कोपऱ्यात तडा आहे का, मागचं कव्हर कसलं, सापडला तेव्हा स्क्रीनवर काय दिसत होतं, त्या क्षणी किती वाजले होते, हे सगळं यायला हवं. पाकीट बंद करून लाखेची मोहोर, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी, आणि तिथून मुद्देमाल कोणाच्या हातून कोणाकडे गेला याची सलग नोंद. मधली एक सही राहिली की बचावाचा वकील तीच पकडतो. घरच्या घरी हा सराव करता येतो. भावाचा फोन घ्या, शेजारच्या दोघांना पंच करा, मराठीत पूर्ण पंचनामा लिहा. मग तिसऱ्याला फोन न दाखवता तो वाचायला द्या आणि चार फोनांमधून तोच ओळखता येतो का ते पाहा.

सीसीटीव्हीचं प्रकरण याहून नाजूक आहे. २६/११ नंतर नेमलेल्या राम प्रधान समितीच्या अहवालानंतर मुंबईत सरकारी कॅमेऱ्यांचं जाळं उभं राहिलं हे खरं, पण रोजच्या तपासात हाती येतो तो बहुधा एखाद्या सोसायटीचा नाहीतर दुकानाचा डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रीकरण साठवणारं यंत्र. त्याचं घड्याळ बरोबर असेलच असं नाही. म्हणून गेल्यावर पहिलं काम हे की डीव्हीआरच्या स्क्रीनवरची वेळ आणि आपल्या मोबाइलवरची वेळ एकाच फोटोत घ्यायची आणि फरक पंचनाम्यात लिहायचा. घड्याळ दुरुस्त करायला हात लावायचा नाही. दुसरं म्हणजे डिस्क भरली की जुनं चित्रीकरण आपोआप पुसलं जातं, कुठे पंधरा दिवसांत तर कुठे महिन्यात, त्यामुळे ‘उद्या येतो’ चालत नाही. तिसरं, स्क्रीनसमोर मोबाइल धरून केलेलं शूटिंग म्हणजे मूळ पुरावा नव्हे. मशीनच्या मूळ फॉरमॅटमध्ये काढायचं, सोबत त्याचा प्लेयर घ्यायचा, तिथेच हॅश काढायचा. आणि कलम ६३ च्या भाग अ वर सही कोण करणार, सेक्रेटरी की कॅमेरे बसवणारा, हे जिना उतरण्याआधी ठरवायचं. तुमच्या स्वतःच्या बिल्डिंगच्या कमिटीची परवानगी घेऊन हे एकदा करून बघा. वॉचमन आणि सेक्रेटरींशी नीट बोलता येणं हाही या तयारीचाच भाग आहे.

हॅशची भीती बाळगू नका. विंडोजमधल्या सर्टयुटिलने एखाद्या फोटोचा एसएचए-२५६ काढा, ६४ अक्षरांची ओळ मिळेल. फाइलचं नाव बदला, ओळ तीच राहते. आता तोच फोटो व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून स्वतःला पाठवा आणि उतरवून घेतलेल्या प्रतीचा हॅश काढा. वेगळा येतो, कारण वाटेत फोटो दाबून लहान केला गेला. फॉरवर्ड होऊन आलेला फोटो आणि मूळ फोनमधला फोटो यांत काय फरक, हे साक्ष देताना कोणी विचारलं तर तुम्हाला पुस्तक आठवावं लागणार नाही.

टूल्स आता घ्या. डिस्कची हुबेहूब प्रत काढणारं एफटीके इमेजर आणि ती तपासणारं ऑटोप्सी मोफत मिळतात, नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं वायरशार्कही. तेवढ्यावर सहा महिने काढता येतात. मोबाइलमधला डेटा काढणारी सेलेब्राइटसारखी महागडी साधनं नोकरी लागल्यावर हाताखाली येतील, ती शिकवण्याच्या नावाखाली लाखभर फी सांगणाऱ्या क्लासच्या जाहिरातींना भुलू नका. सरावासाठी लॅमिंग्टन रोडवरून जुन्या हार्ड डिस्क आणायचा सल्ला बरेच जण देतात. मी तो देणार नाही. त्या डिस्कमध्ये कुणाचे तरी घरचे फोटो, बँकेचे कागद असतात आणि ते उघडून बघायचा आपल्याला काही हक्क नाही. स्वतःचा पेन ड्राइव्ह घ्या, त्यात फाइली टाका, पुसा, परत मिळवा. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने सरावासाठी तयार डिस्क प्रतिमा (डिस्कच्या हुबेहूब प्रती) मोफत ठेवल्या आहेत, त्याही उत्तम. प्रत्येक सरावानंतर एक पानी अहवाल लिहा: काय मिळालं, कसं मिळवलं, काय सांगता येत नाही. शेवटचा मुद्दा सगळ्यांत जड जातो.

अहवाल मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीत लिहिता यायला हवा. पोलीस ठाण्याचं कामकाज मराठीत चालतं, आणि इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलांना ‘दोन पंचांसमक्ष’, ‘जागीच सीलबंद’ असलं वाक्य लिहिताना घाम फुटतो. मराठी टायपिंगचाही सराव आजपासून ठेवा.

दरवाजे कोणते, ते थोडक्यात. पोलीस शिपाई भरती बारावीवर होते, ५० गुण मैदानाचे आणि १०० लेखीचे. मुलांना १६०० मीटर धावायचं असतं आणि मुलींना ८००, त्यामुळे संगणकाची आवड असली तरी पहाटेचं मैदान सुटत नाही. उपनिरीक्षक व्हायचं तर पदवी आणि लोकसेवा आयोगाची परीक्षा. एक लक्षात ठेवा, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ नुसार त्या कायद्याखालच्या गुन्ह्यांचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारीच करतो, म्हणजे सुरुवातीची काही वर्षं तुम्ही मदतनीस असाल. खाकी नको असेल तर कालिन्याची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. तिथे वैज्ञानिक सहायकासारख्या पदांसाठी जाहिराती निघतात आणि विज्ञानाची पदवी लागते. त्यासाठी मादाम कामा रोडवरची २००९मध्ये सुरू झालेली शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था पाहून या, किंवा गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ. संगणकाच्या पदवीधरांना सी-डॅक या सरकारी संस्थेचा माहिती सुरक्षेचा पदविका अभ्यासक्रम सोयीचा पडतो, त्याला सी-कॅट ही प्रवेश परीक्षा असते. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी पोलीस बिनतारी विभाग विसरू नये, त्याचं मुख्यालय पुण्यात आहे आणि अर्ज करणारे फारसे त्याच्याकडे बघत नाहीत.

खासगीतही हेच काम आहे. बीकेसी आणि लोअर परळच्या बँका, लेखापरीक्षण कंपन्या यांना फसवणुकीचा माग काढणारी माणसं लागतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग, म्हणजे संगणक यंत्रणेच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, १८० दिवस जपावे लागतात, त्यामुळे ही गरज एकदोन वर्षांची नाही. मुलाखतीत हा आदेश नीट सांगता आला तर समोरचा सावरून बसतो.

ऑनलाइन आर्थिक फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या १९३० या हेल्पलाइनचं काम समजून घ्या, मग तुम्ही कुठल्याही दारातून शिरा. फसलेला माणूस फोन करतो तेव्हा पैसा एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून पाचव्या खात्यात पळत असतो, आणि बँकेला वेळेत कळलं तर मधल्या खात्यात अडवता येतो. फोनवर रडणाऱ्या काकूंकडून व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम दोन मिनिटांत काढून घेणं हे मोठं कौशल्य आहे. ते शिकवणारा कोर्स मला तरी माहीत नाही. घरातल्या ज्येष्ठांचे बँकेचे मेसेज त्यांच्यासोबत बसून वाचा, व्यवहाराचा क्रमांक कुठे लपलेला असतो ते डोळ्यांना सवयीचं करा.

मर्यादा आधीच शिकून घ्या. सीडीआर, म्हणजे कॉलच्या नोंदी, ठरावीक दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फतच मागवायच्या असतात. २०१८मध्ये ठाणे पोलिसांनी बेकायदा सीडीआर विकणारं जाळं पकडलं तेव्हा त्यात खासगी गुप्तहेर होते. ऑक्टोबर २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका लाचप्रकरणातले फोन टॅपिंगचे आदेश रद्द करून त्या ध्वनिफिती नष्ट करायला सांगितल्या, कारण सार्वजनिक सुरक्षेची अट पूर्ण होत नव्हती. मित्र म्हणेल, ‘अरे, तिचं लोकेशन काढून दे ना.’ नाही म्हणायचं, आणि नोकरी लागण्याआधीपासून म्हणायचं. तुमच्या चारित्र्य पडताळणीत तुमचं इन्स्टाग्राम कोणी बघणार नाही असं धरून चालू नका.

मनाचीही तयारी लागते. लहान मुलांवरच्या अत्याचाराचं साहित्य तपासणाऱ्याला ते बघावंच लागतं. ज्याच्याशी तपशील न सांगताही बोलता येईल असा एक माणूस आधी ठरवा. आईवडिलांना सांगून ठेवा की रात्रपाळ्या असतील आणि कामाबद्दल घरी काही सांगता येणार नाही.

राहिले कागद. अधिवास, जात आणि नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्रांसाठी आजच आपले सरकार या संकेतस्थळावर अर्ज करा, जात वैधतेसाठी जात पडताळणी समितीकडे, जाहिरात आल्यावर रांग लागते. नॉन-क्रिमिलेअरची मुदत जाहिरातीतल्या तारखेशी ताडून पाहा. एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र शाळेच्या फायलीत पडलेलं असेल तर शोधून काढा. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव, आधारवरचं नाव आणि पदवीवरचं नाव अक्षरन् अक्षर सारखं आहे का ते तपासा. फरक असेल तर राजपत्रात नाव बदलाची जाहिरात द्यायला वेळ लागतो, म्हणून ते काम या आठवड्यात सुरू करा.