हेडलाइटला टूथपेस्ट, सीटला तेल: जुन्या लक्झरी गाडीच्या बाबतीत या चुका टाळा

सेकंडहँड मर्सिडीज, बीएमडब्ल्यू किंवा ऑडी घेताना इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन सगळं नीट तपासलं जातं. गाडी दारात आली की नजर जाते ती पिवळट पडलेल्या हेडलाइटवर आणि ड्रायव्हरच्या सीटच्या झिजलेल्या कडेवर. ही दोन्ही कामं घरी करता येतात आणि घरीच सगळ्यांत जास्त बिघडतात. कारण हेडलाइटवर काय आणि लेदरवर काय, कारखान्यातच एक पातळ संरक्षक थर चढवलेला असतो. आपण घासतो, पुसतो ते त्या थरालाच. तो कुठे शाबूत आहे आणि कुठे गेलाय हे न बघता हात चालवला, की चार दिवस चकाकी मिळते आणि नुकसान कायमचं होतं.

हेडलाइट: घासण्याआधी पाणी मारून बघा

हेडलाइटचं पुढचं आवरण, म्हणजे लेन्स, पॉलिकार्बोनेट या कडक पारदर्शक प्लॅस्टिकचं असतं. दगड लागला तरी ते सहसा फुटत नाही, पण त्यावर ओरखडे पटकन उठतात आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी ते पिवळं पडतं. म्हणून त्यावर कडक पारदर्शक कोट दिलेला असतो. वर्षानुवर्षं ऊन खाऊन हा कोट विरतो, तडकतो आणि खालचं प्लॅस्टिक उघडं पडतं.

पहिली चूक म्हणजे धुरकटपणा नेमका कुठे आहे हे न बघता कामाला लागणं. लेन्सवर भरपूर पाणी मारा. ओली असताना ती बऱ्यापैकी स्वच्छ दिसली, तर दोष बाहेरच्या पृष्ठभागावर आहे आणि घासून फरक पडेल. ओली असूनही तशीच धूसर दिसली, तर दोष आतल्या बाजूला किंवा प्लॅस्टिकच्या अंगातच आहे. उजेडात तिरकं बघितल्यावर आत केसासारख्या बारीक भेगांचं जाळं दिसत असेल, तर ते कुठल्याच पॉलिशने जात नाही.

गाडी धुतल्यावर आत हलकं धुकं धरलं आणि दिवे लावल्यावर थोड्या वेळाने विरलं, तर काळजी नको. हेडलाइटला हवा खेळायला छिद्रं असतातच. पाण्याचे थेंब लोंबत असतील किंवा तळाशी पाणी साचत असेल, तर मागचं रबरी झाकण नीट बसलंय का आणि कडेचं सील सुटलंय का ते आधी बघा. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. काही जुन्या झेनॉन प्रोजेक्टरमध्ये (वायू भरलेल्या बल्बचा उजेड भिंगातून टाकणाऱ्या दिव्यात) आतल्या परावर्तकाचा चकचकीत मुलामा उष्णतेने जळतो. तिथे लेन्स आरशासारखी केली तरी रस्त्यावर उजेड पडत नाही. झेनॉन पेटताना 20,000 व्होल्टच्या वर दाब तयार होतो, त्यामुळे दिवा चालू असताना मागे हात घालू नका.

टूथपेस्ट, डास पळवणारा स्प्रे आणि थिनर

टूथपेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते, त्यामुळे वरचा पिवळा पापुद्रा निघतो आणि लेन्स उजळते. पण उरलासुरला कोटही त्याबरोबर जातो आणि नवा कोट कोणी देत नाही. मग पिवळेपणा पूर्वीपेक्षा लवकर परततो. डास पळवणाऱ्या स्प्रेमधलं डीट हे रसायन तर प्लॅस्टिकचा वरचा भाग चक्क मऊ करतं. सगळं पसरून गुळगुळीत दिसतं, म्हणून व्हिडिओत छान वाटतं. थिनर आणि अ‍ॅसिटोन सर्वांत वाईट: त्यांनी पॉलिकार्बोनेटला आतपर्यंत भेगा जातात. या तिन्हींपैकी काहीही वापरण्यापेक्षा लेन्स पिवळी राहिलेली बरी, असं माझं स्पष्ट मत आहे.

योग्य पद्धत वेळखाऊ आहे, अवघड नाही. भोवतालच्या पेंटवर मास्किंग टेपचे दोन थर लावा. कोट तडकलेला असेल तर 800 किंवा 1000 नंबरच्या वॉटर पेपरने सुरुवात करा, मग 1500, 2000 आणि शेवटी 3000. पेपर आणि लेन्स दोन्ही सतत ओली हवीत. दर नंबरला घासण्याची दिशा बदला, म्हणजे आधीच्या पेपरचे चरे गेले की नाहीत ते दिसतं.

घाबरून थेट 2000 ने सुरुवात करणं ही इथली नेहमीची चूक. त्याने जुना कोट पूर्ण निघत नाही. पहिल्या पेपरचं वाहणारं पाणी नीट बघा. सुरुवातीला ते पिवळसर असतं. कोट आणि पिवळं प्लॅस्टिक निघून गेलं की दुधासारखं पांढरं होतं. मग लेन्स पुसून कोरडी करा. कुठे नकाशातल्या बेटांसारखे कडा असलेले डाग दिसले, तर तो उरलेला जुना कोट आहे. तो काढल्याशिवाय पुढच्या नंबरवर जाऊ नका, कारण ते डाग शेवटच्या पॉलिशनंतर हमखास डोकं वर काढतात.

3000 नंतर पॉलिश लावून मशीनने बफिंग करताना वेग कमी ठेवा आणि पॅड एका जागी थांबवू नका. प्लॅस्टिक तापून ओढलं गेलं, तर पुन्हा खडबडीत पेपरपासून सुरुवात करावी लागते.

लेन्स चमकली की बहुतेक जण इथेच थांबतात, आणि सगळी मेहनत वाया जाते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून त्यावर अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट द्यायलाच हवा. नुसतं मेण पुरत नाही. हार्डनर मिसळायचा टूके क्लिअर कोट सर्वांत टिकाऊ, पण त्यात आयसोसायनेट हे श्वासातून अपाय करणारं रसायन असतं. तो मारताना योग्य फिल्टरचा रेस्पिरेटर लागतो, कापडी मास्क चालत नाही. आणि लेन्सवर नुसता हलका मळकटपणा असून कोट शाबूत असेल, तर पेपर हातात घेऊच नका.

सीट: आधी कळू द्या, ते लेदर आहे का

मर्सिडीजचं आर्टिको आणि बीएमडब्ल्यूचं सेन्साटेक हे कृत्रिम आहे. लेदरच्या सीटमध्येसुद्धा मागचा आणि कडेचा भाग अनेकदा विनाइलचा असतो. तिथे लेदर कंडिशनर चोळून काहीच साधत नाही.

खऱ्या लेदरमध्येही बहुतेक गाड्यांत रंगाचा थर आणि त्यावर पॉलियुरेथेनचा कोट असतो. न दिसणाऱ्या जागी पाण्याचा एक थेंब ठेवा. तो तसाच राहिला तर कोट शाबूत आहे. जिरून डाग गडद झाला तर ते अ‍ॅनिलिन लेदर (वर रंगाचा जाड थर न दिलेलं) आहे किंवा कोट झिजलाय, आणि तिथे कुठलंही द्रव फार जपून वापरायचं.

म्हणूनच घरातलं तेल चोळण्याचा उपाय फसतो. कोटवरून तेल आत जातच नाही. ते वर बसतं, धूळ पकडतं, शिलाईत आणि छिद्रांत साठतं. अ‍ॅनिलिनमध्ये मात्र ते खोल जिरतं आणि कायमचे काळपट डाग पाडतं. चकाकी देणाऱ्या सिलिकॉन स्प्रेचं दुखणं वेगळं: पुढे रंगकाम करायची वेळ आली की रंग धरत नाही.

बहुतेक गाड्यांचं लेदर नवं असताना मॅट असतं. वापरलेल्या सीटवर जी चमक दिसते ती घामाची आणि तेलकट मळाची. मऊ ब्रशवर लेदर क्लीनरचा फेस घ्या, हलक्या हाताने फिरवा आणि ओलसर पांढऱ्या कापडाने पुसा. कापडावर तपकिरी-करडा मळ आला तर काम बरोबर चाललंय. सीटचाच रंग यायला लागला तर लगेच थांबा. भांडी-कपड्यांचे साबण टाळा. लेदर मुळात किंचित आम्लधर्मी असतं, अल्कली त्याला मानवत नाही. पांढरा मेलामाइन स्पंजही नको, तो बारीक वॉटर पेपरसारखाच काम करतो.

ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड झिजते ती चढता-उतरताना घसरत बसल्याने. आधी सीटवर बसून मग पाय आत घेतले, तर झीज खूप कमी होते. रंग उडालेला असेल तर बुटाचं पॉलिश लावू नका, ते कपड्यांना लागतं. साफसफाई, अल्कोहोलने तेलकटपणा काढणं, बारीक पेपरचा हलका हात, लेदरसाठीच्या वॉटर-बेस्ड रंगाचे पातळ थर आणि शेवटी मॅट टॉपकोट, असा क्रम ठेवा. एकच जाड थर दिला तर तो पहिल्या घडीलाच तडकतो.

छिद्रांच्या सीटवर क्लीनर थेट फवारू नका. खाली हवेचे पंखे, हीटरची जाळी आणि बऱ्याच गाड्यांत शेजारच्या सीटमध्ये कोणी बसलंय का ते ओळखणारा सेन्सर असतो. त्यात ओल गेली की एअरबॅगचा दिवा पेटू शकतो. सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात. इग्निशन चालू ठेवून ते काढले तर फॉल्ट नोंदला जातो आणि तो गाडीला जोडायच्या डायग्नोस्टिक स्कॅनरनेच पुसावा लागतो. सीट बाहेर काढायचीच असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबूनच त्यांना हात लावा.