कांपालच्या वाटेवर कादंबरी: चालत्या वाचनकट्ट्यात सामील होताना

चालत्या वाचनकट्ट्याचं तंत्र साधं आहे. सगळ्यांनी एकच कादंबरी वाचून यायची आणि दोघं-तिघं मिळून चालता चालता तिच्यावर बोलायचं. अध्यक्ष नाहीत, प्रास्ताविक नाही, हारतुरे तर नाहीतच. सभागृहातल्या चर्चेत मागच्या रांगेत बसून सुटता येतं. इथे शेजारी एकच माणूस असतो आणि पुढची पंधरा मिनिटं तो तुमच्याच वाट्याला आलेला असतो. पुस्तकही हातात नसतं. म्हणून तयारी वेगळी करावी लागते, आणि नवखे अडतात ते पायांमुळे नाही, या तयारीमुळे.

कट्टा शोधायचा तर आधी जवळच्या वाचनालयात विचारा. पणजीत पाट्टो भागातलं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय (स्थापना १८३२) आहेच, पण तालुक्याच्या आणि गावच्या वाचनालयांतल्या कर्मचाऱ्यांनाही कोण काय वाचतं ते पक्कं ठाऊक असतं. सामील होण्यापूर्वी चार गोष्टी विचारून घ्या: किती माणसं येतात, किती चालतात, बोलणं कुठल्या भाषेत होतं आणि पुस्तक किती दिवस आधी ठरतं. आठ ते बारा माणसं ठीक. वीस झाली की ती मिरवणूक होते. भाषेचं दडपण घेऊ नका. मराठी कादंबरीवर कोंकणीतून बोलणारे गोव्यातल्या कुठल्याही कट्ट्यावर निघणारच, आणि बरेचदा तेच मोकळं बोलतात.

पुस्तक ठरल्यापासून फेरीपर्यंत किमान पाच-सहा आठवडे हवेत. वाचनालयात जुन्या कादंबरीची एखाद-दुसरी प्रत असते आणि वाचणारे दहा. मुंबई-पुण्याहून मागवायची तर टपालाचे दिवस वेगळे धरा. वाचायचा हिशेब सोपा आहे: रोज २० पानं धरली तर ३०० पानांना १५ दिवस, वर आठवडाभर हाताशी. पहिल्या फेरीसाठी लहान पुस्तक असलेला कट्टा गाठा. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) किंवा विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) दोन-तीन बैठकींत संपते. ‘रणांगण’ तर दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून मुंबईला निघालेल्या बोटीवर घडते. मांडवीच्या काठाने चालताना त्या डेकवरच्या येरझाऱ्या वेगळ्याच कळतात. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ मात्र एका फेरीत उरकायला जाऊ नका. ती १८९० पासून ‘करमणूक’मधून क्रमशः आली, तशीच दोन-तीन हप्त्यांत घ्यावी. गोव्याचं स्वतःचं काही हवं असेल तर फ्रांसिश्कु लुईश गोमिश यांची ‘ऊश ब्राह्मनिश’ (१८६६) आहे, पण मूळ पोर्तुगीज. भाषांतर घेणार असाल तर सगळ्यांनी एकच घ्यावं. एरवी अर्धी फेरी ‘माझ्या पुस्तकात तसं नाही’ यातच जाते.

आता चिठ्ठी. अर्ध्या पानाचा कागद, चार घड्या, शर्टाच्या खिशात किंवा पर्समध्ये. त्यावर तीनच गोष्टी: अडलेलं किंवा आवडलेलं एक वाक्य, एक तक्रार आणि एक प्रश्न. वाक्यापुढे पानाचा आकडा नको, प्रकरण लिहा. आवृत्ती बदलली की पानं बदलतात आणि रस्त्यात उभं राहून कुणी शोधत बसत नाही. तक्रार खरी असावी. ‘अभिजात’ म्हटलं की मान डोलवायची सवय असते आणि मग बोलण्यासारखं काही उरत नाही.

प्रश्न सगळ्यात अवघड. ‘बनगरवाडी’च्या शाळामास्तराबद्दल ‘मास्तर कसा वाटला?’ असं विचारलं की ‘चांगला वाटला’ हे उत्तर येतं आणि पुढचे पाचशे मीटर हवेवर बोलण्यात जातात. त्याऐवजी हे बघा: गावकरी मिळून तालीम उभी करतात आणि त्यानंतर दुष्काळ येऊन गाव उठतं. हा क्रम उलटा असता तर मास्तर आपल्याला तसाच दिसला असता का? अशा प्रश्नाला हो-नाही म्हणून सुटता येत नाही, आणि शेजारच्याला पुस्तकात परत जावं लागतं. फेरीच्या आदल्या रात्री कादंबरीचा शेवटचा एक तृतीयांश भाग पुन्हा वाचा. लोक बोलतात शेवटाबद्दल आणि सगळ्यात धूसरही तोच झालेला असतो. पुस्तक पुरं झालं नसेल किंवा फक्त सिनेमा पाहिला असेल तर सुरुवातीलाच सांगून टाका. शेवट फुटेल, त्याची कुरकुर करायची नाही.

वाटेचं म्हणाल तर पणजीत कला अकादमीपासून मिरामारपर्यंतचा पट्टा उत्तम. सपाट आहे, कांपालला जुन्या झाडांची सावली आहे, आणि जाऊन-येऊन साधारण तीन किलोमीटर होतात. बोलत चालणाऱ्यांचा वेग तासाला तीन किलोमीटरच असतो. म्हणजे पंधरा मिनिटांत साडेसातशे मीटर आणि तासाभरात चार जोड्या. जोडी बदलायची खूण घड्याळावर नको, जागेवर ठेवा: बालोद्यानाचं फाटक, मिरामारचं सर्कल. पुढचे थांबतात, मागचे पोचतात, जोड्या फिरतात. सगळ्यात शेवटी चालायला वाट माहीत असलेला एकजण हवाच.

मिरामारच्या वाळूत उतरायचा मोह होतो. उतरलात तर ओहोटीच्या वेळी, ओल्या घट्ट वाळूवरून चाला. कोरड्या वाळूत पाय रुततात, दम लागतो आणि वाक्यं तुटतात. लाटांच्या आणि वाऱ्याच्या आवाजात तिसऱ्याला ऐकू येत नाही, म्हणून तिथे दोघांचीच जोडी. आल्तिनच्या टेकडीचा चढही बाद: चढताना माणूस ऐकतो, बोलत नाही. फोंतेन्यस या पणजीतल्या जुन्या वस्तीच्या गल्ल्या सुंदर आहेत, पण तिथे माणसं राहतात आणि दारासमोरच्या गर्दीला ती आधीच कंटाळलेली आहेत. रायबंदरचा १६३० च्या दशकातला पोर्तुगीज बांधही अनेकांना खुणावतो. लांबीला तीन किलोमीटर, म्हणजे अगदी मापात, पण भरधाव गाड्यांच्या कडेने कुणी हरिभाऊंवर बोलू नये.

फुटपाथवर तिघांपेक्षा जास्त एका ओळीत नको. ज्याला एका कानाने कमी ऐकू येतं त्याला चांगला कान आतल्या बाजूला येईल असं चालवा, रहदारी दुसऱ्या बाजूला राहू द्या. शेजारचा गप्प झाला तर लगेच भर घालू नका. चालताना शांतता अवघडत नाही, आणि बरेचदा त्यानंतरच नेमकं काही येतं. कुणी दोन जोड्या खाऊन टाकणारा वक्ता निघालाच तर त्याच्याशी वाद घालू नका, खूण आली की सोडून पुढे व्हा. जोड्या बदलायच्या त्या अर्ध्या यासाठीच.

वेळ ऋतूप्रमाणे. मार्च ते मे सकाळी साडेसहाला निघून आठच्या आत संपवा, पुढे घामाने चिठ्ठीसुद्धा भिजते. माणशी पाऊण लिटर पाणी. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, तेव्हा सव्वासात चालेल. जून ते सप्टेंबर चालणं जवळपास सोडून द्या. छत्र्या लागल्या की दोघांमध्ये हातभर अंतर पडतं, काड्या डोळ्यांशी येतात आणि रेनकोटच्या टोपीत स्वतःचाच आवाज घुमतो. शेवाळलेल्या चिऱ्यांवर रबरी चप्पल घसरते ती वेगळीच. कुणाच्या तरी घरचा बल्कांव, म्हणजे दारापुढची बसायची ओसरी, ठरवून ठेवा आणि जोड्या तिथेही बदला.

शेवटची वीस मिनिटं बसायची, चहा आणि पाव-भाजी घेऊन. इथे प्रत्येकाने स्वतःचं मत सांगायचं नाही, आज दुसऱ्याकडून ऐकलेली एक गोष्ट सांगायची. आणि पुढचं पुस्तक उठायच्या आधी, तिथेच ठरवा. ग्रुपवर ठरवायला गेलात तर नावं पंधरा येतात आणि प्रत एकाचीही मिळत नाही.