ऑटिझम असलेल्या मुलासाठी चाळीस जणांच्या वर्गात दिवसाची पट्टी कशी करायची

थेरपी सेंटरमध्ये एका मुलामागे एक टीचर असते, आपल्याकडे मुलं चाळीस आणि बाई एकच, त्यामुळे तिथलं सगळं वर्गात आणायला गेलं की आठवड्याभरात दमायला होतं आणि मग सगळंच सुटतं. म्हणून आधी एकच गोष्ट आणा, दिवस डोळ्यांना दिसेल असा करा. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामध्ये मानसशास्त्रज्ञ एरिक शॉपलर यांनी अशा मुलांना शिकवण्याची जी टीच (TEACCH) पद्धत उभी केली, १९७२ मध्ये तिथे राज्यभर सुरू झाली, तिचा हा गाभाच आहे आणि पुठ्ठा-कात्रीत होतो.

बोललेलं हवेत विरतं, चित्र मात्र बाकावर तसंच राहतं, पुन्हा पुन्हा बघता येतं. पुठ्ठ्याची उभी पट्टी घ्या, वरून खाली कार्डं लावा: परिपाठ, मराठी, गणित, खिचडी. सुरुवातीला मधल्या सुट्टीपर्यंतच, पूर्ण दिवस नको. चित्रं नेटवरून घेण्यापेक्षा मोबाइलवर फोटो काढा, आपल्याच शाळेची घंटा, आपल्याच खिचडीचं ताट. फोटोही कळत नसेल तर वस्तू द्या, चमचा हातात दिला म्हणजे जेवण. कार्डाला वेल्क्रो लावा, आणि तास संपला की कार्ड त्यानेच काढून 'झालं' लिहिलेल्या पाकिटात टाकायचं, तुम्ही नाही. तास संपलाय हे त्याला त्या हाताच्या कामातून कळतं.

एक 'बदल' कार्ड करा, हे बरेच जण विसरतात आणि मग खेळाचा तास रद्द झाला की मूल रडून हैराण होतं. आधी आनंदाच्या बदलाला वापरा, म्हणजे शुद्धलेखनाऐवजी चित्रकला, असं चार-पाच वेळा झालं की मग नावडता बदलही थोडा सोपा जातो.

वर्गकामाचं पण तसंच. त्याला चार गोष्टी दिसायला हव्यात, काय करायचं, किती करायचं, संपलं कसं कळणार आणि नंतर काय. डावीकडे कामाचा डबा, उजवीकडे झालेल्याचा. पानभर गणितं देऊ नका, चारच गणितांची चिठ्ठी कापून द्या आणि चौथ्याखाली पुढच्या गोष्टीचं चित्र लावा.

सूचना एका छोट्या वाक्यात द्या आणि मनात दहापर्यंत मोजा. आपण घाईने तेच वेगळ्या शब्दांत परत सांगतो तेव्हा त्याला पुन्हा पहिल्यापासून समजून घ्यावं लागतं. जागा शक्यतो भिंतीकडेची, दारापासून लांब.

आणि 'माझ्याकडे बघ' हा हट्ट, हात हलवणं थांबवणं, हे माझ्या मते वर्गात आणूच नका. खाली बघूनही बरीच मुलं नीट ऐकतात, आणि हात हलवून ते स्वतःला शांत करत असेल तर तेवढं तरी राहू दे ना त्याच्याकडे!

फळ्याच्या कोपऱ्यात सगळ्या वर्गासाठी पण दिवसाचा क्रम लिहा, म्हणजे तो एकटा वेगळा पडत नाही, शिवाय बाकीच्यांचं 'बाई आता काय' पण कमी होतं. जूनमध्ये तो पुढच्या वर्गात गेला की पट्टी, पाकीट, बदल कार्ड सगळं नव्या बाईंच्या हातात द्या, आणि कोणत्या कार्डाला तो अजून अडतो तेही सांगा.