नागपूरच्या उन्हात परसबाग कशी राखावी

नागपुरात उन्हाळ्यातल्या बागेचा आनंद घड्याळ पाहून घ्यावा लागतो. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास पोचतो आणि सकाळी नऊनंतर अंगणात पाय ठेवणे नकोसे होते. मात्र पहाटे साडेपाच ते साडेसात आणि सूर्य मावळल्यावरचे दोन तास तीच परसबाग गजबजलेली असते. म्हणून बागेची आखणी या चार तासांच्या हिशेबाने करावी, असे माझे मत आहे. हिरवळीचा अट्टहास मात्र सोडून द्यावा. तिला पाणी फार लागते आणि पाखरांना तिच्यात खायला फारसे काही मिळत नाही.

सुरुवात पाखरांसाठी पाणी ठेवायच्या सकोऱ्यापासून करावी. मातीचा, पसरट आणि दीड-दोन इंचांपेक्षा खोल नसलेला सकोरा घ्यावा, कारण धातूचे भांडे तापते आणि प्लास्टिकच्या गुळगुळीत काठावर पाखरांचे पाय ठरत नाहीत. मधोमध एक खडबडीत दगड ठेवला म्हणजे मधमाश्यांनाही टेकायला जागा मिळते व त्या बुडत नाहीत. सकोरा सावलीत असावा, पण दाट झुडपाला चिकटून नसावा, कारण मांजर तिथेच दबा धरून बसते. पाणी रोज बदलावेच. शिवाय दर तीन-चार दिवसांनी सकोरा काथ्याने घासून काढावा. डेंग्यू पसरवणारा डास अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटवतो आणि ती कोरडी पडूनही तग धरतात, त्यामुळे नुसते पाणी ओतून देऊन भागत नाही.

आमच्या सकोऱ्यावर पहिला हक्क साळुंक्यांचा असतो. त्या इतके पाणी उडवतात की त्यांच्यामागून येणाऱ्या बुलबुलाच्या जोडीला अर्धाच सकोरा उरतो. भर दुपारी, सगळे सामसूम असताना, खार येते आणि सकोऱ्याशेजारच्या ओल्या फरशीवर चारही पाय फाकवून पोट टेकून पडून राहते. दाणा ठेवायचा असल्यास मूठभर ज्वारी किंवा बाजरी पुरते. उरलेले तर्री-पोहे मात्र बागेत टाकू नयेत; तिखट पाखरांना जाणवत नाही, पण मीठ आणि तेल त्यांना सोसत नाही.

आपल्याकडच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात बोटभर रुंदीच्या भेगा पडतात आणि नळीने सोडलेले पाणी मुळांना न भेटता त्या भेगांतून थेट खाली उतरते. म्हणून आधी खुरप्याने वरचा थर मोकळा करून भेगा बुजवाव्यात, मग आळे करून संथपणे पाणी द्यावे. त्याहून चांगला उपाय म्हणजे रोपाशेजारी मातीचा माठ गळ्यापर्यंत पुरून तो पाण्याने भरून ठेवणे. जुना माठ वापरण्याआधी भरून पाहावा: बाहेरून ओलसर झाला तर तो पाझरतो आहे, कोरडाच राहिला तर क्षारांनी त्याची छिद्रे बुजलेली आहेत आणि तो पुरण्यात अर्थ नाही. माठाचे तोंड झाकणे विसरू नये, नाहीतर त्यात खारही पडते आणि डासही होतात. कूलरच्या टाकीतले उरलेले पाणी कुंड्यांना घालण्याची सवय अनेक घरांत असते. ती मोडावी, कारण पाणी उडून जाते तसे क्षार मागे साचत जातात आणि पानांच्या कडा करपू लागतात.

आळ्यावर पाचोळ्याचा चार बोटे थर द्यावा. फाल्गुनात कडुलिंब झडतो तेव्हाच तो पोत्यात भरून ठेवलेला बरा. पाचोळा जाळण्यासारखा दुसरा गुन्हा नाही. या पाचोळ्यापायीच सातभाई बागेत येतात. सकाळी त्यांचा घोळका उतरतो, एकेक पान चोचीने उलटून फेकतो, खालचे किडे टिपतो आणि त्या वेळभर कलकलाट करत राहतो. त्यानंतर विस्कटलेला पाचोळा पुन्हा सारखा करावा लागतो, एवढाच काय तो त्रास.

कढीपत्ता आणि लिंबू लावले असतील तर पानांवरची पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी काळपट-पांढरी अळी मारू नये. ती लिंबावरच्या फुलपाखराची असते. वाढल्यावर ती हिरवी होते आणि काडीने हळूच डिवचल्यास डोक्यामागून नारिंगी रंगाचा दुबेळका अवयव बाहेर काढून उग्र वास सोडते. 2015 मध्ये राज्य फुलपाखरू ठरलेल्या नीलवंताच्या अळ्याही लिंबूवर्गीय झाडांवरच वाढतात. चार पाने त्यांची, बाकी फोडणीची, असा वाटा ठेवावा.

संध्याकाळसाठी मोगऱ्याबरोबर मधुमालतीचा वेल फाटकावर चढवावा. तिची कळी दिवेलागणीला पांढरी उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि मग लाल, त्यामुळे एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात. पांढऱ्या फुलांवर अंधार पडल्यावर लांब सोंडेचे पतंग येतात आणि न टेकता, हवेत तरंगतच मध पितात. ते पाहायचे असल्यास अंगणातला मोठा दिवा मालवून खुर्ची वेलापासून पाच-सहा फुटांवर टाकावी आणि हालचाल न करता बसावे. काळोखात पाचोळ्यातून चालताना मात्र हाती टॉर्च असू द्यावा.

उन्हाने एखादे पाखरू जमिनीवर कोसळलेले आढळल्यास त्याच्या चोचीत पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊन पाखरू दगावते. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, सावलीत, शांत जागी ते ठेवावे आणि तासाभरात सावरले नाही तर सेमिनरी हिल्स येथील वनविभागाच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरशी, म्हणजे वन्यजीवांच्या उपचार केंद्राशी, संपर्क साधावा. नुकतेच पंख फुटलेले पिल्लू असेल तर त्याला जवळच्या फांदीवर ठेवून आपण दूर व्हावे. आईबाप बहुधा जवळच असतात आणि आपण हलेपर्यंत खाली उतरत नाहीत.